साप्ताहिक सुट्टी : गुरुवार

ही गोष्ट मी शक्यतो सांगत नाही. पण आमच्या सोसायटीत ती चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते आणि चारही प्रकारांत मी आहे त्यापेक्षा जाड आणि आहे त्यापेक्षा मूर्ख आहे. निदान जाडपणापुरती दुरुस्ती व्हावी म्हणून हा खटाटोप. मूर्खपणाबद्दल वाचकांनी शेवटी काय ते ठरवावं, मला फारशी आशा नाही.

गेल्या वर्षी मी चिखलीतल्या एका नर्सिंग कॉलेजात समन्वयक म्हणून लागलो. मुली वर्गात जे शिकतात ते त्यांनी रुग्णालयात जाऊन स्वतःच्या हातानं करायचं असतं. कोणी, कुठे, कधी आणि किती आठवडे जायचं, हे ठरवणारा तो समन्वयक. त्याआधी भोसरीतल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं. वैद्यकीय ज्ञान म्हणाल तर इंजेक्शन घेताना मी अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. पण प्राचार्य वासंती मॅडम या आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे सुखदाच्या, शाळेतल्या मैत्रीण. त्या म्हणाल्या, "गुरुदत्तसर, तुम्हाला फक्त वेळापत्रक करायचंय."

फक्त! वेळापत्रकाला 'फक्त' म्हणणाऱ्या माणसांमुळेच कारखाने बंद पडतात, असं माझं मत होतं. ते मी त्यांना चहा संपेपर्यंत ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी रुजू झालो.

पहिलीच कामगिरी आली ती शेवटच्या वर्षाच्या सहा मुलींची. त्यांना बारा आठवडे प्रसूती विभागात पाठवायचं होतं. परीक्षेचा अर्ज भरायच्या तारखेपर्यंत प्रत्येकीच्या नोंदवहीत तिनं स्वतः केलेली वीस बाळंतपणं हवीत, प्रत्येकापुढे तिथल्या सिस्टरची सही हवी. एकोणीस झाली तर अर्ज नाही. अर्ज नाही तर सहा महिने घरी.

मी तीन दिवस दार लावून वेळापत्रक केलं. सहा मुली, तीन शिफ्टा, बारा आठवडे. पहिली शिफ्ट पिवळी, दुसरी हिरवी, तिसरी निळी. सुट्टीसाठी लाल. आणि तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं, 'साप्ताहिक सुट्टी : गुरुवार'.

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी थांबायला हवं. आमच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात रविवार हा कॅलेंडर छापणाऱ्यांचा सण आहे. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. कधीकाळी वीज वाचवायला म्हणून कुणीतरी हा दिवस आखून दिला आणि मग पिढ्यांमागून पिढ्या गुरुवारी दाढी न करता मोठ्या झाल्या. माझं लग्न गुरुवारी झालं. माझ्या मुलाचं बारसं गुरुवारी झालं. सासरे वारले तेव्हा बुधवारची रात्र उलटली होती म्हणून मला रजा टाकावी लागली नाही, हे मी तेव्हा मोठ्यानं बोललो होतो आणि सुखदा ते अजून विसरलेली नाही. त्यामुळे 'सुट्टी' हा शब्द टाईप केल्यावर बोटांनी पुढे आपणहून 'गुरुवार' लिहिलं. मी त्यात काही ठरवलं असं मला आठवत नाही.

मग मी तो कागद लॅमिनेट केला. लॅमिनेट केलेल्या कागदावर कुणी पेन चालवू शकत नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटत असे.

मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे एका ट्रस्टचं रुग्णालय आहे. तिथे परवानगी मिळवायला मला चार खेपा पडल्या. आवक-जावक विभागात आबाजी नावाचे गृहस्थ बसत. पहिल्या खेपेला ते म्हणाले, पत्र तीन प्रतींत लागतं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, मुलींनी काविळीची लस घेतल्याचे दाखले जोडा. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर होतं, पण बारा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि आवक बाराला बंद होते. "मग जावक?" मी विचारलं. "जावक चालू आहे," ते म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

चौथ्या खेपेला आबाजींनी माझं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक उजेडात धरून पाहिलं. शिक्का कुठे मारायचा हा त्यांचा प्रश्न होता, कारण शाई त्यावर टिकत नव्हती. मग त्यांची नजर तळाशी गेली.

"गुरुवारी सुट्टी? झ्याक केलंत. गुरुवारी हितं माणसाला पाय ठेवायला जागा नसते. त्यात तुमच्या पोरी कुठं उभ्या करायच्या?"

मी नम्रपणे हसलो. कुणी नियोजनाची स्तुती केली की मी नम्रपणे हसतो. घरी येऊन सुखदाला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलंदेखील. म्हणजे संपूर्ण उत्तर पहिल्याच महिन्यात, शिक्क्यासह, माझ्या हातात दिलं गेलं होतं आणि मी ते प्रशस्तिपत्रक समजून घरी घेऊन आलो.

पोस्टिंग सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात अल्फिया माझ्या केबिनमध्ये आली.

अल्फिया सहाजणींतली सर्वांत कमी बोलणारी. भोसरीची. वडील बरकतभाई, त्यांचं गॅरेज आमच्या जुन्या कंपनीच्या गेटसमोर होतं. आदल्या वर्षी टायफॉइडनं ती महिनाभर घरी होती, त्यामुळे बाकीच्या पाचजणींच्या नोंदवहीत आधीची चार-पाच बाळंतपणं होती आणि हिच्या वहीत शून्य. भोसरीतल्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरलेली होती, परीक्षा झाली की रुजू. परीक्षा लांबली तर ती जागा दुसऱ्या कुणाची. हे सगळं मला माहीत होतं. न ऐकल्याचा दोष माहिती नसल्यावर ढकलता येत नाही, म्हणून सांगतो.

"सर, गुरुवारच्या सुट्टीचं जरा बदलता येईल का?" ती म्हणाली.

मी खुर्ची मागे सरकवली. चष्मा काढला. समजूतदार दिसायचं असलं की मी चष्मा काढतो.

"बस अल्फिया. मला कळलं. शुक्रवार ना?"

"नाही सर, शुक्रवारचं काही नाही. तिथं गुरुवारी..."

"संकोच करू नकोस. आमच्याकडे रिझवान म्हणून फोरमन होता. अठरा वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. शुक्रवारी दुपारी तो अर्धा तास जायचा, मी कधी घड्याळ पाहिलं नाही."

"हो सर, पण मी म्हणत होते..."

"पण ते कारखान्यात. इथे एकीसाठी सुट्टी बदलली तर उद्या दुसरी येईल, तिचा सोमवार असेल. तिसरीची चतुर्थी. रुग्णसेवेला वार नसतो, बेटा. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. रुग्ण भ्रमात बडबडायला लागला की नर्सेस जसं बघतात, तसं काहीतरी होतं.

"बरं सर," ती म्हणाली आणि गेली.

मी स्वतःवर इतका खूश झालो की तो प्रसंग संध्याकाळी सुखदाला, रात्री भावाला फोनवर आणि दुसऱ्या दिवशी खालच्या सोपानरावांना सांगितला. ठाम पण प्रेमळ, असं माझं त्यातलं चित्र होतं.

सुखदा भाजी निवडत होती. "तिनं शुक्रवार हा शब्द उच्चारला का?" तिनं विचारलं.

"उच्चारावा लागत नाही. माणसं कळतात."

"तुम्हाला?" एवढंच म्हणून ती आत गेली.

सात आठवड्यांनी वासंती मॅडमनी सहा नोंदवह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. बाकीच्यांची दहा, अकरा, एकीची नऊ. अल्फियाची सहा.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"सुरुवातीला आकडे कमीच असतात. पुढे वेग घेतात."

"गुरुदत्तसर, ही बाळंतपणं आहेत."

मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो पालथा ठेवला. "पाच आठवडे राहिलेत. मुली सांगतात, त्या दिवस दिवस रिकाम्या खाटांच्या चादरी बदलत बसतात. दुसरीकडे कुठे केसेस मिळतील ते बघा. आणि आजच बघा."

सव्वीस वर्षांत माल कमी पडला की मी एकच करत आलो होतो, दुसरा पुरवठादार शोधायचा. तेच सुरू केलं.

तळवड्यात एक चकाचक प्रसूतिगृह होतं. तिथले तरुण डॉक्टर अदबीनं बोलले. "सर, आमच्याकडे नॉर्मल फार होत नाहीत. बरेचसे आयटीवाले. ते भटजींकडून वेळ काढून आणतात. परवाच दहा वाजून बेचाळीस मिनिटांचं होतं. तुमच्या मुलींना काय, घड्याळ धरून उभं करू?" सरकारी रुग्णालयात आधीच तीन कॉलेजांच्या मुली होत्या आणि एका बाईच्या खाटेभोवती सातजणी उभ्या होत्या. ती बाई घाबरून म्हणत होती, मला नुसता ताप आहे.

मग मी घराच्या आसपास बघायला लागलो. हे मी लिहितोय खरं, पण इथे मान खाली घालूनच लिहितोय. माझा हेतू अत्यंत शास्त्रीय होता. येत्या पाच आठवड्यांत परिसरात कुणाकुणाच्या तारखा आहेत, त्यांची यादी करावी आणि त्यांना आपल्या रुग्णालयाची माहिती द्यावी. त्यासाठी लिफ्टमध्ये भेटलेल्या दोन भगिनींना मी आदरानं विचारलं, "कितवा?" त्यातली एक पाचव्या मजल्यावर नव्यानं राहायला आली होती. ती गरोदर नव्हती.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनचा निरोप आला. सुखदानं तो चष्मा लावून, शाळेत परिपत्रक वाचतात तसा वाचून दाखवला. "बी विंगमधील एक ज्येष्ठ सदस्य लिफ्टमध्ये महिलांना खासगी स्वरूपाचे प्रश्न विचारतात, अशी तक्रार आली आहे. संबंधितांनी लिफ्टऐवजी जिन्याचा वापर करावा."

"नाव घातलेलं नाही," मी म्हणालो.

"बी विंगमध्ये सोळा पुरुष आहेत. त्यातले पंधराजण आत्ता खाली उभे राहून हसताहेत."

मला 'ज्येष्ठ' हा शब्द लागला. मी चौपन्न वर्षांचा आहे. आठवडाभर जिना चढलो.

जिन्याच्या पायथ्याशी सोपानराव राहतात. आमची सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे तळमजल्याचे दोन फ्लॅट आणि सगळ्यांना सल्ला द्यायचा हक्क त्यांच्याकडे राहिला आहे. मी धापा टाकत थांबलो तेव्हा ते म्हणाले, "सायेब, बायांना कशापायी इचारताय? मला इचारायचं. आमची सून हाय की! ऋचाचा नववा सरत आलाय. त्याच हास्पिटलात नाव घातलंय. घ्या तुमच्या पोरींना शिकायला."

मला भरून आलं. मी तिथेच डायरी काढली. "तारीख?"

"बेस्तरवारी न्हेनार."

"गुरुवारी? नाही नाही. मंगळवारी करता येईल का? मंगळवारी माझ्या सहाही मुली तिथे आहेत. गुरुवारी सुट्टी असते."

सोपानरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सायेब, म्हस हाय का ती? मंगळवारी आमच्या पिंटूला रजा कोन देनार? चाकनच्या कंपनीत हाय त्यो. सुट्टी बेस्तरवारी, म्हून डाक्टरीनबाईंनी बेस्तरवारच दिलाय. समद्यांनाच देत्यात. तुमी कामाला हाय ना तिथं?"

मी हो म्हणालो. त्या क्षणी डोक्यात काहीतरी हललं, पण मी त्याला बसायला जागा दिली नाही. वेळापत्रकात चूक असणं मला सुचूच शकत नव्हतं. चूक बाळंतिणींची असावी असा माझा कल होता.

गुरुवारी सकाळी सोपानराव दारात. "चला. तुमची वळख हाय तिथं. पिंटू यडबडलाय."

मी सात आठवड्यांत त्या रुग्णालयात दहा वेळा गेलो असेन. गुरुवारी एकदाही नाही. गुरुवारी मला सुट्टी असायची.

फाटकापासून रस्त्यापर्यंत दुचाक्या. आत व्हरांड्यात पुरुषच पुरुष. चाकणचे, भोसरीचे, तळवड्याचे, हातात डबे, थर्मास, पिशव्यांतून डोकावणारी दुपटी. आठवडाभर ज्यांना कारखान्यानं सोडलं नाही ते सगळे आज आपापल्या बायकांना घेऊन आले होते. खाटा भरलेल्या, बाकं भरलेली, दोन बायका भिंतीला धरून येरझारा घालत होत्या. ज्या विभागात माझ्या सहा मुली सहा दिवस चादरींच्या घड्या घालत होत्या, तो हाच विभाग होता. माझा विश्वास बसेना म्हणून मी दारावरची पाटी वाचली.

प्रसूती विभागाच्या सुमनताई, तीस वर्षं तिथल्या सिस्टर, हातमोजे घातलेले हात वर धरून बाहेर आल्या आणि मला बघून थांबल्या.

"या! समन्वयक ना तुम्ही? अहो, तुमच्या पोरी कुठायत? मला आज चौदा बाया आहेत आणि हात दोन."

"आज... त्यांची साप्ताहिक सुट्टी."

"तेच मला सात आठवडे कळत नाहीये. या पट्ट्यात बाई गुरुवारी येते. सह्या करायला नवरा लागतो, रक्त द्यायला दीर लागतो, दोघं गुरुवारीच मोकळे. मोठ्या डॉक्टर म्हणूनच गुरुवारी दिवसभर थांबतात, दिवस भरलेल्यांना कळांचं औषधही त्याच दिवशी देतात. हे तर पानटपरीवाल्यालाही माहितीय. तुम्ही कुठले, बाहेरगावचे का?"

"भोसरीचा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते बाहेरगाव असावं असं वाटलं.

"मी रजेवरून आले तर तुमचा तो गुळगुळीत कागद लावलेला. म्हटलं, असेल कॉलेजची काही पद्धत. एक ती पोरगी तेवढी येते बिचारी."

"कोण?"

त्यांनी हनुवटीनं आत दाखवलं. पडद्याच्या फटीतून मला अल्फिया दिसली. गणवेश नव्हता. घरचा सलवार-कमीज, वर कुणाचातरी मोठा ॲप्रन. एका बाईच्या उशाशी उभी राहून ती तिचा हात धरून होती आणि हळू आवाजात मोजत होती, श्वास घ्या, सोडा. ती बाई म्हणजे सोपानरावांची ऋचा.

"पहिल्या आठवड्यापासनं येते, सुट्टीच्या दिवशी," सुमनताई म्हणाल्या. "पण पत्रात गुरुवार नाही. त्यामुळे तिला हात लावू देता येत नाही मला, नियम आहे. नुसती उशाशी उभी राहते. सत्तरेक बाळंतपणं बघितली असतील तिनं. वहीत लिहायला त्यातलं एकही नाही. मी तिला म्हटलं, बाई, तुझ्या सरांना सांग. म्हणाली, सांगितलं."

"मग?"

"मग काय. म्हणाली, सर समजूतदार आहेत, पण त्यांना बोलायचं फार असतं."

एवढं बोलून सुमनताई आत गेल्या. मी व्हरांड्यात उभा राहिलो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. रिझवान, टेबल, घड्याळ, बेटा, चष्मा. सगळं एकेक करून परत येत होतं आणि त्यातलं काहीही मला थांबवता येत नव्हतं. मी ती कथा भावाला फोनवर सांगितली होती. भावानं 'वा' म्हटलं होतं.

मागच्या सात गुरुवारी तिनं नुसत्या पाहिलेल्या बाळंतपणांचं काही होऊ शकणार नव्हतं, आणि होऊही नये. पण अर्जाच्या तारखेआधी अजून चार गुरुवार होते. त्यासाठी नवीन पत्र हवं होतं आणि ते आवकमध्ये बाराच्या आत. साडेदहा वाजले होते. मी कॅन्टीनच्या टेबलावर पत्र लिहिलं: 'अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव साप्ताहिक सुट्टीच्या दिवसात बदल करण्यात येत आहे.' वासंती मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"कुठलं कारण?"

"अपरिहार्य."

"मी सही करून पाठवते. पण माझ्यापुरतं सांगा, चूक कुणाची?"

"पद्धतीची," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. मग सही आली.

आबाजींनी पत्र वाचलं आणि परत केलं. "अपरिहार्य चालत नाही. मागं एका कॉलेजनं अपरिहार्य लिहून पोरी लोणावळ्याला नेल्या. आता नेमकं कारण लागतं. वहीत रकाना आहे. सांगा, मी लिहितो."

माझ्यामागे दहा-बारा माणसांची रांग होती. सर्वांत पुढे पिंटू आणि सोपानराव, ऋचाला दाखल करायचे कागद घेऊन.

"लिहा," मी म्हणालो. "नियोजनातील... त्रुटी."

"त्रुटी नेमकी कुणाची?"

"समन्वयकाची."

"काय केलं त्यानं?"

"ऐकलं नाही."

"जोरात बोला, पंख्याचा आवाज आहे."

"समन्वयकाने विद्यार्थिनीचे म्हणणे ऐकून घेतले नाही!" मी ओरडलो. आबाजींनी शब्दन् शब्द मोठ्यानं उच्चारत वहीत उतरवला. मग पेन वर करून विचारलं, "समन्वयक कोन?"

"मी."

"तुमीच?" त्यांनी मान वर केली. "मग खाली सही करा. आणि कंसात नाव लिवा, सही कुनाला लागत न्हाई."

मागून सोपानराव हळूच पिंटूला म्हणाले, "म्हंजी ती शुक्रवारवाली पोरगी हीच व्हय?" ते हळू बोलले तरी गावाला ऐकू जातं. आमच्या सोसायटीतला तिसरा प्रकार तिथे जन्माला आला. ऋचाला दुपारी मुलगी झाली, अल्फियानं उशाशी उभं राहून पाहिलेली, वहीत न चढलेली.

पुढच्या तीन गुरुवारी मी तिकडे फिरकलो नाही. सुमनताईंचे आकडे फोनवर यायचे. बाकीच्या पाचजणींची वीस होत आली. अल्फियाची दहा, मग तेरा, मग मधल्या वारांची धरून अठरा. शेवटच्या गुरुवारी अठराच होती आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अर्ज. तेव्हा मात्र मला घरी बसवेना. अर्जाचा कागद घेऊन मी सकाळी आठ वाजताच व्हरांड्यात जाऊन बसलो.

बरोबर माफीही होती. ती मी चार आठवडे तयार करत होतो. पहिल्या मसुद्यात रिझवान होता, तो काढला. दुसऱ्यात 'माझा हेतू' हे शब्द तीनदा होते, तेही काढले. उरल्या त्या दोनच ओळी. त्या म्हणताना चष्मा घालूनच ठेवायचा, असंही ठरवलं होतं.

शेजारी एक तरुण बाप बसला होता, कंपनीचाच टी-शर्ट. पाय सारखा हलवत होता. "काका, तुमचं कोन हाय आत?"

"माझ्या मुली."

"मुली? किती?"

"सहा."

त्याचा पाय थांबला. "सहाच्या सहा आजच?"

"आजच."

तो उठला, मला बाकावर नीट जागा करून दिली आणि थोड्या वेळानं न मागता चहा आणून दिला. त्याचा गैरसमज दूर करायला मला जमलं नाही. चार आठवड्यांत कुणी प्रथमच आदरानं बघत होतं.

अकराच्या सुमाराला एकोणीस झाली. मग काहीच नाही. बारा, एक, दोन. ज्या बाया येत त्यांना एकतर वेळ होता, नाहीतर शस्त्रक्रियेला न्यावं लागत होतं. एक केस अल्फियाच्या हाताशी आली आणि शेवटच्या क्षणी डॉक्टरांनी हातात घेतली. बाळाचे ठोके कमी होत होते. ते योग्यच होतं. तरी मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. सव्वीस वर्षांत मी असंख्य आकड्यांची वाट पाहिली, पण आकडा आतून किंचाळतो हे माहीत नव्हतं.

पावणेतीनला एक बारीक, चिडका आवाज आला. शेजारचा तरुण ताडकन उभा राहिला. त्याच्या मागोमाग मीही. आम्ही दोघांनी एकमेकांचे हात का धरले होते, हे त्यालाही सांगता येणार नाही.

सुमनताई नोंदवही घेऊन बाहेर आल्या. "मुलगी. दोघीही चांगल्या." हे त्याला. मग माझ्याकडे वळून, "वीस. ही माझी सही. इथं तुमची करा. खाडाखोड नको."

मी सही केली. खाली कंसात नावही लिहिलं.

मग आतून अल्फिया आली. गणवेशात, केस टोपीतून सुटलेले, कपाळावर घाम. मी पुढे झालो. वही दोन्ही हातांत धरली आणि पहिल्या ओळीला सुरुवात केली, "अल्फिया, त्या दिवशी तू मला जे सांगत होतीस..."

ती माझ्याकडे येतच नव्हती. फाटकातून एक रिक्षा थेट पायरीपर्यंत आली होती, आतली बाई ओरडत होती, तिचा नवरा रिक्षाच्या पलीकडच्या बाजूनं उतरून तिला शोधत होता. अल्फियानं स्ट्रेचर ओढलं, मागून वॉर्डबॉय धावला, आणि ते स्ट्रेचर सरळ माझ्या दिशेनं आलं.

"अल्फिया, वीस झाली," मी म्हणालो. "झाली तुझी."

"हो सर, माहितीय. बाजूला व्हा."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं, आणि आतून तिचा आवाज यायला लागला, श्वास घ्या, सोडा. हे एकविसावं. याला वहीत जागा नव्हती.